तीर्थन खोऱ्यात सॅक घेऊन: कोकणातून निघताना काय काय तपासायचं?

वाशिष्ठीकाठ:
मे अखेरीस कुल्लूच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये जायचा बेत आहे. दोघं जण, चार रात्री, गुशैणी–रोल्ला–शिल्ट आणि त्याच वाटेने परत. महिपतगड-सुमारगड-रसाळगड सामानासकट होतो, पण 3000 मीटरचा अनुभव शून्य. बूट, तंबू, स्लीपिंग बॅग चार पावसाळे माळ्यावर पडून आहेत. चालतील का? गॅस इथूनच न्यावा का?

कातळसडा:
सगळ्यात आधी बूट. सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर आपल्या दमट हवेत तो नुसता ठेवूनही आतून विरतो. बूट हाताने जोर लावून वाकवा, कडेचा थर अंगठ्याने दाबा. भेग पडली किंवा भुगा सुटला तर नवे घ्या. मोच्याकडे चिकटवून उपयोग नाही, कारण गोंद पकडेल असा थरच उरलेला नसतो. वरून बूट कोरे दिसतात, म्हणून लोक फसतात. चांगले निघाले तरी 10 किलोची सॅक घेऊन एकदा महिपतगड करा, उतरणीसकट. सोल सुटायचा तर तिथे सुटू दे.

तंबूचंही तेच. आतली बाजू चिकट लागली, आंबूस वास आला, तर लेप गेला. पाणी आत येणार. पिसांची स्लीपिंग बॅग असेल तर उजेडात धरा. गोळे दिसले तर सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवून हाताने मोकळे करा. यापुढे पिशवीत कोंबून ठेवू नका, सैल टांगा.

आमसूल:
गॅसचा डबा रेल्वेत चालत नाही, विमानातही नाही. दिल्लीतच घ्या, आट्यांचा, म्हणजे शेगडीला फिरवून बसणारा. नुसत्या ब्यूटेनचा नको. शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही, पहाटे शेगडी मरते. प्रोपेन किंवा आयसोब्यूटेन मिसळलेला बघा. लिटरभर पाणी उकळायला 15-20 ग्रॅम धरा.

3000 मीटरवर पाणी साधारण 90 अंशालाच उकळतं. उकडा तांदूळ घरीच राहू दे, गॅस संपेल पण तो शिजणार नाही. पोहे, सातूचं पीठ, भिजवलेली मसूर डाळ न्या. पेज हवीच असेल तर कण्या.

सडेवाट:
उंचीचं बोलतो. गुशैणी साधारण 1600 मीटर, रोल्ला 2100, शिल्ट 3100. रोल्ला–शिल्ट हा एका दिवसात हजार मीटरचा चढ आहे, म्हणून पहिली रात्र गुशैणी, दुसरी रोल्ला, पुढच्या दोन शिल्ट. मधल्या दिवशी शिल्टच्या वरच्या रखुंडी टॉपला जाऊन झोपायला खाली शिल्टलाच या. 3000 च्या वर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर रात्र असली तरी खाली. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच; सल्फाची ॲलर्जी आधी सांगा.

वाशिष्ठीकाठ:
बुटाचा भुगा निघाला, नवे घेतोय. परवाना आणि गाडी?

सडेवाट:
परवाना बंजार–गुशैणी वाटेवर साईरोपाला वनखात्याच्या कार्यालयात, ओळखपत्राच्या प्रतींसह. वाटाड्या स्थानिकच घ्या. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून मनालीच्या बसने औटला उतरा, पुढे बंजारमार्गे गुशैणी. परतीला जून लागत असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघूनच तिकीट काढा.