वाळू नको, गादीवाफा करा

चिकण मातीत रासबेरी लावायची तर त्यात वाळू मिसळा असं या चर्चेत दोघातिघांनी सुचवलंय, ते काही पटलं नाही. थोडीथोडकी वाळू घातली तर मातीचे बारीक कण तिच्या फटी बुजवतात आणि उन्हाळ्यात जवळपास वीटच तयार होते. फरक पडायला निम्मी तरी वाळू लागेल, म्हणजे अंगणात ट्रकच ओतायचा! जिप्सम या कॅल्शियमच्या खनिजाचं थोडं वेगळं आहे. सांगलीकडच्या चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीत जिप्सम टाकतात ते सोडियम हटवायला. इथे ओहायोतल्या आमच्या मातीत ती अडचणच नाही, त्यामुळे त्याने ती भुसभुशीत होणार नाही.

पण एक मुद्दा राहिलाय. चिकण मातीत रासबेरी बहुतेक वेळा मरते ती फायटॉफ्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या जिवामुळे होणाऱ्या मूळकुजीने, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या चाचण्यांत उंच वाफा आणि जिप्सम या जोडीने नेमकी हीच मूळकूज कमी झाली. जोर वाफ्यावर द्या, जिप्सम दुय्यम. मी २५-३० सेंमी उंच गादीवाफे केलेत, कंपोस्ट वरच्या थरात मिसळून. पानगळीत शेजारी पानांच्या पिशव्या रस्त्याकडेला ठेवतात, त्या फुकट मिळतात, आच्छादन त्याचंच. कोवळे फुटवे टोकाशी वाकून सुकत असतील तर एक मूळ उकरून नखाने साल खरवडून बघा. आत पांढरं असेल तर ठीक, विटकरी तांबूस दिसलं तर त्या जागी पुन्हा रासबेरी लावू नका.