मदत हवी: जावामध्ये पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून चाइल्डचं फील्ड 0.0 का छापलं जातं?

नमस्कार मंडळी,

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जावा 17 वापरतो. दोन दिवस एकाच जागी अडकलोय.

'खाते' हा पेरेंट क्लास (ऑब्जेक्टचा साचा), त्यावरून केलेला चाइल्ड क्लास 'बचतखाते'. खात्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारा भाग) क्रमांक घेतो आणि शेवटी तपशीलछापा() ही मेथड बोलावतो. बचतखात्यात व्याजदर हे डबल फील्ड (दशांशी आकडा साठवायची जागा) आहे, त्याला जागेवरच 4.0 दिलंय. तपशीलछापा() ओव्हरराइड करून (चाइल्डमध्ये नव्याने लिहून) तोच दर छापतो.

आधी कंपायलरच अडवत होता. ते उलगडलं: आपण सुपर (पेरेंटचा कन्स्ट्रक्टर बोलावणारी ओळ) लिहिलं नाही तर तो स्वतः रिकामा सुपर() घालतो, आणि माझ्या खात्याला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टरच नाही. सुपर(क्रमांक) लिहिल्यावर एरर गेली.

पण आता नवीन बचतखाते तयार केलं की 0.0 छापलं जातं. पुढच्याच ओळीत तीच मेथड बोलावली की 4.0! फील्डला फायनल (किंमत पुन्हा बदलता येणार नाही असं सांगणारा शब्द) लावलं तर पहिल्यांदाच 4.0 आलं. मग फायनल तसंच ठेवून दर पॅरामीटरमधून घेतला, तर परत 0.0. असं का? वहीत एवढंच आहे की आधी पेरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो. कृपया कारण समजावून सांगा, याच खात्यावरून कर्जखाते आणि मुदतठेवही करायची आहे.

प्रतिसाद: वहीतलं वाक्य बरोबर आहे, पण अर्धं. ऑब्जेक्टला जागा मिळते तेव्हा सगळी आकडी फील्ड शून्य असतात. तुमची 4.0 ची ओळ सुपर(क्रमांक) पूर्ण होऊन परत आल्यावरच चालते. मेथड मात्र जावा ऑब्जेक्टच्या खऱ्या प्रकारावरून निवडतं, म्हणून पेरेंटचं काम चालू असतानाच बचतखात्याची मेथड चालली आणि तिला कोरं फील्ड मिळालं. सी++ मध्ये अशा वेळी पेरेंटचीच मेथड चालते.

फायनलला थेट 4.0 दिलं की कंपायलर तो स्थिरांक धरतो आणि वापराच्या जागी आकडाच लिहितो, फील्ड वाचलंच जात नाही. पॅरामीटरमधून येणाऱ्या किमतीला हे जमत नाही.

जावा 25 मध्ये सुपरच्या आधी फील्ड भरता येतं. तरीही माझं ऐका, ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलावूच नका. नाहीतर मुदतठेवीतही हेच होईल.

धागाकर्ता: छापायची ओळ मेनमध्ये नेली, 4.0 आलं. मनापासून आभार! खात्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आता फक्त क्रमांक ठेवलाय.