एचआयव्ही संशोधनाच्या कम्युनिटी सल्लागार मंडळात जावं का?

अबोली२१
एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांच्या एका आधारगटात मी काम करते. एका संशोधन संस्थेने विचारलंय की एचआयव्ही प्रतिबंधाच्या औषधाची ट्रायल सुरू करायचीय आणि त्यांच्या कम्युनिटी सल्लागार मंडळात (म्हणजे ट्रायलबद्दल लोकांच्या बाजूने सल्ला देणारा गट) आमच्यातल्या दोघी हव्यात. जायला हरकत नाही पण गटातल्या बायका म्हणतायत की सगळं आधीच ठरलेलं असणार, आपल्याला बोलावणार ते सह्या आणि फोटोपुरतं. आपल्या बोलण्याने खरंच काही बदलतं का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

वाटसरू
बदलतं. आणि ही जागा कुणी आपणहून दिलेली नाहीये, भांडून मिळवलेली आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेल्या लोकांनीच जाहीर केलं की आम्हाला बळी म्हणू नका आणि आमच्याबद्दल निर्णय होतात तिथे आम्हाला घ्या. मग १९८८ मध्ये अ‍ॅक्ट अप या एड्सविषयी आंदोलन करणाऱ्या गटाच्या कार्यकर्त्यांनी तिथल्या औषध प्रशासनाच्या ऑफिसला घेराव घातला, कारण मंजुरीला वर्षं जात होती आणि तोवर माणसं मरत होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी विज्ञान स्वतः शिकून घेतलं, ट्रायलची रचना कशी असते ते वाचलं, आणि पुढे त्याच शास्त्रज्ञांसोबत कमिट्यांवर बसले.

मीरा_क
अबोलीताई, तुमच्या बायकांची शंका अगदी बरोबर आहे. २००४ मध्ये कंबोडियात रोज गोळी घेऊन एचआयव्ही टाळता येतो का याची ट्रायल होणार होती, सेक्स वर्कर बायकांवर. त्यांच्या संघटनेने विचारलं की गोळीचा त्रास झाला तर पुढची काही वर्षं आमच्या उपचाराचं कोण बघणार, आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही. शेवटी ती ट्रायल सुरूच झाली नाही, सरकारने थांबवली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमधली तशीच ट्रायलही बंद पडली. त्यानंतर २००७ मध्ये यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम) आणि अ‍ॅव्हॅक (एचआयव्ही प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था) यांनी लोकसहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, गुड पार्टिसिपेटरी प्रॅक्टिस नावाने. तुमच्या संस्थेला सरळ विचारा, तुम्ही त्या पाळता का.

नितळ
मला व्हॉइस ट्रायलचं उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वे, ५ हजारांवर बायका. एचआयव्ही टाळायला रोजची गोळी किंवा योनीत लावायचं जेल वापरायचं होतं, बायका सांगायच्या की वापरतोय, उरलेल्या गोळ्या मोजल्या तरी तसंच दिसायचं, आणि नंतर रक्त तपासलं तर औषध सापडलं जेमतेम पंचवीस-तीस टक्के नमुन्यांत. म्हणजे औषध चांगलं की वाईट हेच कळेना! मग त्या बायकांशी नीट बोलल्यावर कळलं की घरात ही गोळ्यांची डबी दिसली तर नवरा, सासू, शेजारी समजतील हिलाच एचआयव्ही आहे, ही भीती होती. शिवाय दुष्परिणामांची धास्ती. हे कुठल्याही लॅबमध्ये कळणारं नव्हतं, त्या घरात राहणाऱ्या बाईलाच माहीत होतं.

याच्या उलट लेनाकापाविर या एचआयव्ही टाळणाऱ्या औषधाची पर्पज १ ट्रायल बघा. वर्षातून दोनदा इंजेक्शन, घरात डबी ठेवायचा प्रश्नच नाही. तिथे सुरुवातीपासून कम्युनिटीचा सल्लागार गट होता, आणि एरवी ज्यांना वगळतात त्या १६-१७ वर्षांच्या मुलीही घेतल्या, मध्येच गरोदर राहिलेल्या बायकांनाही काढून टाकलं नाही. २०२४ मध्ये निकाल आला, इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींत एकीलाही एचआयव्ही झाला नाही.

मीरा_क
+१. अजून एक, प्रोटोकॉल (ट्रायल कशी करायची याचा लेखी आराखडा) फायनल झालाय का हे पहिल्याच मीटिंगला विचारा. झाला असेल तर निदान संमतीपत्राची भाषा, भेटींच्या वेळा, प्रवासखर्च, नाव गुप्त कसं ठेवणार यावर अडून बसा. ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहणार का आणि निकाल आधी सहभागी बायकांना सांगणार का, हेही लेखी घ्या.

अबोली२१
खूप आभार सगळ्यांचे. डबीचं वाचून आमच्यातल्या एकीने लगेच सांगितलं की ती स्वतःच्या गोळ्या रिकाम्या क्रीमच्या बाटलीत ठेवते. तिलाच मंडळावर पाठवायचं ठरतंय. प्रोटोकॉलचा मसुदा आधी मागवलाय, आपल्या भाषेत समजावून द्या असंही कळवलंय.