काळ्या मातीवर सीझियम-स्ट्रॉन्शियमचं शोषण: आकडे जुळत नाहीत

काळीमाती_सोलापूर:
आपल्याकडच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. अणुकचऱ्यातलं सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० ती किती धरून ठेवेल, हे एमएस्सीच्या प्रकल्पात साध्या (किरणोत्सारी नसलेल्या) क्लोराइडवर बघतोय. १ ग्रॅम माती, ५० मिली द्रावण, २४ तास शेकरवर, व्हॉटमन ४२ गाळणकागदातून गाळून एएएस (ज्वाळेतलं अणुशोषण मोजणारं यंत्र). सीझियमचं रीडिंग स्थिर नाही. स्ट्रॉन्शियम १०० पीपीएमला संशय यावा इतकं जास्त शोषलेलं दिसतंय.

आयनविनिमय:
व्हॉटमन ४२ मधून बारीक चिकणमाती सहज निसटते आणि सीझियम तिलाच चिकटलेलं असतं. आधी सेंट्रिफ्यूज करा, मग ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. सीझियम ज्वाळेत फार लवकर आयनित होतं, म्हणून नमुना आणि स्टँडर्ड दोन्हींत सारखंच, साधारण २००० पीपीएम पोटॅशियम हवं. पण ते गाळून झाल्यावरच घाला! मातीच्या बाटलीत पडलं तर पोटॅशियम सीझियमला हुसकावून लावतं. बिनमातीचा ब्लँकही ठेवा.

१० पैकी ०.५ पीपीएम उरलं तर केडी (मातीत धरलेलं आणि द्रावणात उरलेलं यांचं गुणोत्तर) = (९.५ ÷ ०.५) × ५० = ९५० मिली/ग्रॅम. उरलेलं इतकं कमी असताना रीडिंगमधली किंचितशी चूकही केडीला कुठच्या कुठे नेते. माती ०.१ ग्रॅम घेऊन बघा.

चुनखडी:
स्ट्रॉन्शियमचं कारण वेगळं. या मातीत चुनखडी असते, पीएच ८ च्या वर जातो. १०० पीपीएमला स्ट्रॉन्शियम कार्बोनेट खाली बसत असणार, आणि ते तुम्ही शोषणात मोजताय. १ पीपीएमवर करा. सुटलेलं कॅल्शियमही मोजा, तेच स्ट्रॉन्शियमशी जागेसाठी झगडतं.

काळीमाती_सोलापूर:
धन्यवाद सर. मग 'काळी माती अणुकचऱ्यासाठी योग्य' असा निष्कर्ष काढता येईल?

आयनविनिमय:
नाही, तेवढं लिहू नका. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० चं अर्धायुष्य ३० वर्षांच्या आसपास. पण अणुकचऱ्यातल्याच टेक्नेशियम-९९ चं २ लाखांहून अधिक, आयोडीन-१२९ चं दीड कोटीहून अधिक वर्षं. हवेच्या संपर्कात टेक्नेशियम परटेक्नेटेट या आयनाच्या रूपात फिरतं, आयोडीन आयोडाइड म्हणून. दोन्ही ऋणभारित, चिकणमातीचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे ती जवळपास थांबतच नाहीत. ऑक्सिजन नसलेल्या, क्षपणकारक पाण्यात टेक्नेशियम चौथ्या अवस्थेत जाऊन अविद्राव्य ऑक्साइड होतं. आयोडाइडला तीही सोय नाही. शिवाय उच्च पातळीचा कचरा आपल्याकडे तारापूर, तुर्भे इथे आधी बोरोसिलिकेट काचेत बांधतात. माती हा त्यापुढचा अडथळा. निष्कर्ष सीझियमपुरता, तुमच्या पीएच आणि संहतीपुरताच लिहा.