ओटीपीच्या रिकाम्या चौकटीत बॅकस्पेस दाबल्यावर ऑनकीलिसनर चालत नाही (अँड्रॉइड, कोटलिन)

प्रश्न:
ओटीपीसाठी सहा एडिटटेक्स्ट (मजकूर लिहायच्या चौकटी) शेजारी शेजारी ठेवलेत, प्रत्येकाची मॅक्सलेंग्थ (जास्तीत जास्त अक्षरं) १. चौकट रिकामी असताना बॅकस्पेस दाबला की फोकस मागच्या चौकटीत जायला हवा. त्यासाठी सेटऑनकीलिसनरने कळ दाबल्यावर चालणारा लिसनर लावून कीकोड_डेल (बॅकस्पेसचा कोड) तपासतोय. एम्युलेटरवर संगणकाच्या कीबोर्डने सगळं बरोबर चालतं. फोनच्या स्क्रीनवरच्या कीबोर्डने काही वेळा चालतं, काही वेळा लिसनरपर्यंत काहीच येत नाही. मजकूर बदलला की चालणारा टेक्स्टवॉचरही लावून पाहिला; तोही गप्पच.

उत्तर १:
स्क्रीनवरचा कीबोर्ड कळ दाबल्याचं कळवायला बांधील नाही. तो इनपुटकनेक्शनमधून (कीबोर्ड आणि चौकट यांना जोडणारा दुवा) मजकुरात बदल करायला सांगतो: अक्षर घालायचं तर कमिटटेक्स्ट, पुसायचं तर डिलीटसराउंडिंगटेक्स्ट. कीइव्हेंटच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय की स्क्रीनवरच्या कीबोर्डकडून कीइव्हेंट येईल यावर विसंबू नका. म्हणून एका कीबोर्डवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही. टेक्स्टवॉचर गप्प राहतो, कारण रिकाम्या चौकटीत पुसण्यासारखं काही नसतं. मजकूर बदललाच नाही तर तो कशाला जागा होईल?

अ‍ॅपकॉम्पॅटएडिटटेक्स्टचा सबक्लास करा आणि त्यात ऑनक्रिएटइनपुटकनेक्शन ओव्हरराइड करा. सुपरकडून मिळालेलं कनेक्शन नल नसेल तर ते इनपुटकनेक्शनरॅपरमध्ये गुंडाळून परत द्या. रॅपरमध्ये डिलीटसराउंडिंगटेक्स्ट ओव्हरराइड करा: आधीची लांबी १, नंतरची ० आणि चौकट रिकामी असेल, तर सेंडकीइव्हेंटने कीकोड_डेलचे डाउन (कळ दाबली) आणि अप (कळ सोडली) असे दोन्ही इव्हेंट पाठवा. बाकी सगळं सुपरकडे, म्हणजे मूळ क्लासकडे. जे कीबोर्ड स्वतःच कीइव्हेंट पाठवतात त्यांच्यासाठी तुमचा सध्याचा लिसनर तसाच उपयोगी पडेल. एपीआय २४ (अँड्रॉइड ७) पासून कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या चिन्हांच्या क्रमांकांनी) मोजणारी डिलीटसराउंडिंगटेक्स्टइनकोडपॉइंट्स ही जोडमेथडही आहे, तिलाही तीच वागणूक द्या.

प्रश्नकर्ता:
इव्हेंट आता दर वेळी येतोय, आभार. पण चौथ्या चौकटीतून बॅकस्पेस केला की फोकस थेट दुसऱ्या चौकटीत जातो.

उत्तर १:
लिसनरमध्ये अ‍ॅक्शन तपासत नसाल. डाउन आला, तुम्ही तिसरी चौकट पुसून फोकस तिच्याकडे नेला. मागून येणारा अप तेव्हा ज्या चौकटीत फोकस आहे तिलाच मिळतो, म्हणजे तिसरीला. तीही आता रिकामी, म्हणून आणखी एक पाऊल मागे. इव्हेंटची अ‍ॅक्शन अ‍ॅक्शन_डाउन असेल तरच काम करा आणि ट्रू परत करा.

उत्तर २:
वरचा इलाज बरोबर आहे, पण माझं मत स्पष्ट आहे: सहा चौकटी ठेवूच नका. मॅक्सलेंग्थ १ असताना कुणी ४८२९१३ पेस्ट केलं तर फिल्टर फक्त ४ आत येऊ देतो. एसएमएसमधून आपोआप भरतानाही तीच अडचण. शिवाय टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्याला सहा वेगवेगळी फील्ड ऐकावी लागतात, हा त्रास निष्कारण आहे.

एकच एडिटटेक्स्ट घ्या: इनपुटटाइप नंबर, मॅक्सलेंग्थ ६, कर्सर लपवलेला. ऑनड्रॉमध्ये (फील्ड स्क्रीनवर रेखाटणारी मेथड) सहा चौकटी रंगवा आणि प्रत्येकीत त्या त्या स्थानावरचा अंक काढा. फील्ड एकच असल्यामुळे बॅकस्पेस आपोआप नीट चालतो. रॅपर नको, फोकसची उड्या मारणारी गुंतागुंत नको. आयओएसवरही हाच मार्ग घ्या आणि टेक्स्टकंटेंटटाइप वनटाइमकोड ठेवा (आयओएस १२ पासून). तिथे सहा चौकटींचाच हट्ट असेल तर यूआयटेक्स्टफील्डच्या सबक्लासमध्ये डिलीटबॅकवर्ड ओव्हरराइड करावं लागतं, कारण रिकाम्या फील्डवर शुडचेंजकॅरेक्टर्स (मजकूर बदलण्याआधी विचारणारी मेथड) बोलावलं जात नाही.

प्रश्नकर्ता:
एकाच फील्डवर जातो. ‘डन’ दाबल्यावर तपासणी सुरू करायची आहे, ती तरी ऑनकीलिसनरमध्ये ठेवू का?

उत्तर २:
नको. आयएमईऑप्शन्स (कीबोर्डच्या कृतीच्या बटणाची सेटिंग) अ‍ॅक्शनडन द्या आणि सेटऑनएडिटरअ‍ॅक्शनलिसनर वापरा. कीबोर्डवरचं ‘डन’ आलं की अ‍ॅक्शनआयडी आयएमई_अ‍ॅक्शन_डन असतो आणि इव्हेंट सहसा नल, म्हणून इव्हेंटला हात लावण्याआधी नल तपासा. नाहीतर अ‍ॅप तिथेच कोसळेल. जोडलेल्या कीबोर्डच्या एंटरला मात्र अ‍ॅक्शनआयडी आयएमई_नल येऊ शकतो, आणि डाउनला ट्रू दिलंत तर लिसनर अपलाही पुन्हा चालतो. तिथेही काम डाउनवरच करा, नाहीतर सर्व्हरकडे एकच कोड दोनदा जाईल आणि दुसरी विनंती ‘कोड वापरला गेला आहे’ म्हणून परत येईल.