हर्ष-पुलकेशी लढाई नक्की कुठे झाली? माझं मत: हंडिया-नेमावर

रेवाकाठचा:
‘बदामीच्या चालुक्य राजाने, दुसऱ्या पुलकेशीने, कनौजच्या हर्षवर्धनाला नर्मदेच्या काठी हरवलं’ हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. पण अमरकंटकपासून भडोचपर्यंत नर्मदा १,३०० किलोमीटर वाहते. काठी म्हणजे कुठे? माझं उत्तर हंडिया-नेमावर, मध्य प्रदेशात नर्मदेच्या दोन काठांवरची समोरासमोरची गावं. कनौजहून निघालेलं हत्तीदळ दख्खनेत उतरवायचं तर सातपुड्यात असीरगड-बऱ्हाणपूरची वाट सोयीची, आणि त्या वाटेआधीचा नदीउतार हा. अकराव्या शतकातल्या अल्-बिरूनी या विद्वानाने धारपासून गोदावरीपर्यंतचे टप्पे दिलेत, त्यात नर्मदेवरचा टप्पा नेमावरचाच. तो चारशे वर्षांनंतरचा आहे, मान्य. पण डोंगरातली खिंड काही चारशे वर्षांत जागा बदलत नाही.
जर्मनीत काल्क्रीझला १९८७-८८ साली एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला मेटल डिटेक्टरने रोमन नाणी आणि गोफणीचे शिशाचे गोळे सापडले आणि रोमन सैन्य गारद झालं ती जागा कोणती या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादाला दिशा मिळाली. आपल्याकडे निदान दोन्ही काठांचं सर्वेक्षण तरी व्हावं.

मेगुती:
थांबा. लढाई नर्मदेवर झाली हे ऐहोळेच्या लेखात, म्हणजे पुलकेशीच्या दरबारी कवी रविकीर्तीच्या शिलालेखात, कुठे आहे ते आधी दाखवा. रविकीर्तीची ओळ अशी: ‘युधि पतितगजेन्द्रानीकबीभत्सभूतो भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः’. हत्ती पडले, भीतीने हर्षाचा हर्ष गळाला. नदीचा पत्ता नाही! रेवा म्हणजे नर्मदा येते पुढच्या श्लोकात, आणि तिथे विषय विंध्याच्या पायथ्याचा आणि पुलकेशीच्या प्रतापाचा. दोन श्लोक शेजारी पडले म्हणून आपण लढाई उचलून घाटावर नेऊन ठेवली. रविकीर्ती स्वतःला कालिदास-भारवीच्या पंगतीत बसवणारा कवी, तो तुम्हाला गट नंबर देणार नाही.
ह्यूएनत्संगही एवढंच सांगतो की हर्ष स्वतः सैन्य घेऊन चालून गेला, तरी महाराष्ट्राचा राजा नमला नाही. हर्षाचा दरबारी कवी बाण, त्याचं ‘हर्षचरित’ तर या लढाईच्या कितीतरी आधी, हर्षाची हरवलेली बहीण राज्यश्री सापडते तिथेच संपतं.

लाटदेशी:
मेगुतींशी अर्धा सहमत. पण शोधायचंच असेल तर खाली भडोचकडे शोधा. ऐहोळेच्या त्याच लेखात लाट (दक्षिण गुजरात), मालव, गुर्जर पुलकेशीला शरण आल्याचं आहे. हर्षाने हरवलेल्या सौराष्ट्रातल्या वलभीच्या राजाला भडोचच्या गुर्जर दद्दाने आसरा दिला, हे त्याच्या वंशजांच्या नवसारी ताम्रपटात आहे. भांडणाचं मूळ तिथे असताना दोन्ही सैन्यं चारशे किलोमीटर पूर्वेला हंडियाला कशाला मरायला जातील?

रेवाकाठचा:
लाटदेशी, कालक्रम जुळवून बघा. भांडारकर संस्थेच्या अभ्यासकांनी वाचलेल्या ४ एप्रिल ६१९ च्या ताम्रपटात हर्षाच्या पराभवाचा उल्लेख आहे. म्हणजे लढाई त्याआधीच उरकलेली, बहुधा ६१८-१९ च्या हिवाळ्यात. दद्दाचे ताम्रपट ६३० च्या आसपासचे आणि नंतरचे. वलभीची भानगड आधी की नंतर, हेच ठरत नाही. तिच्यावरून रणभूमी कशी ठरवणार?

लाटदेशी:
नंतरची हेही तुम्ही सिद्ध केलेलं नाही. आणि लाट-गुर्जर पुलकेशीला शरण आले ते वलभीमुळे नव्हे, तो मुद्दा तसाच उभा आहे.

गाळपेर:
हिवाळ्याचा मुद्दा रेवाकाठच्यांच्याच मुळावर येतो. पावसाळा सरला की नदीला उतार बरेच. माणूस, घोडा, हत्ती पार होतील अशा जागा महेश्वरपासून होशंगाबादपर्यंत मिळतील. आमच्या बाजीरावांची छावणीसुद्धा १७४० च्या एप्रिलात रावेरखेडीला होती, हंडियाला नव्हे. हत्तींना घाटाच्या पायऱ्या लागत नाहीत.
दुसरं, जागा हातात राहिल्यात किती? २००४ साली हरसूद गाव बुडालं, इंदिरासागर धरणाचं पाणी हरदा जिल्ह्यापर्यंत आलंय. शिवाय काल्क्रीझला रोमनांनी जड धातूचं सामान टाकलं. इथे बाणाचं लोखंडी पातं चौदाशे पावसाळ्यांत गंजून माती होतं, आणि उरलं असेल त्यावर दरवर्षी पुराचा गाळ.

मेगुती:
आणि मेटल डिटेक्टरची जाहिरात कृपया इथे नको. गुप्तधनवाले आधीच मंदिरांचे पाये उकरत फिरताहेत.

रेवाकाठचा:
डिटेक्टर मागे घेतो. नदी मागे घेत नाही. पुलकेशीचा नातू विनयादित्य वगैरेंच्या काळापर्यंत चालुक्य ‘उत्तरापथाच्या (उत्तर भारताच्या) स्वामी हर्षाला हरवून परमेश्वर हे नाव मिळवलं’ असं मिरवत होते. एवढा मोठा विजय बदामीच्या अंगणात झाला नसणार. सीमेवरच झाला असणार, आणि सीमा म्हणजे नर्मदाच.

मेगुती:
सीमेवर, हो. पण पाण्याच्या किती उत्तरेला? विंध्याच्या पायथ्याशी, माळव्यात झाली असली तरी तुमचा पूर्ण युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. मग हंडियाला काय शोधणार?

गाळपेर:
उन्हाळ्यात जलाशय उतरला की तिकडे गाळपेरीची नांगरट होते. नांगराला काही लागलंच तर शेतकऱ्याने कुणाला कळवायचं हे त्याला सांगून ठेवा. गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि तो कागद पुढे काय होतो या भीतीनेच निम्म्या वस्तू भंगारात जातात. तुमच्या हंडियाचा आणि लाटदेशींच्या भडोचचा निकाल त्याच भंगारात पडून असेल.