मदत हवी आहे: रिपोर्टमधले ठळक आकडे म्हणजे तीन आजार की एकच?

नमस्कार मंडळी,

जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. वय ३८. रिपोर्ट काल रात्री मोबाईलवर आला, डॉक्टरांची वेळ मात्र पुढच्या गुरुवारची. तोवर मी तो मोठा करकरून बघतेय आणि दर वेळी नवा आजार सापडतोय.

हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ४.६, एमसीव्ही ७१, आरडीडब्ल्यू १७.८, प्लेटलेट ४ लाख ७२ हजार, फेरिटिन ६. उपाशीपोटी साखर ८८, पण एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आणि शेजारी 'प्रीडायबेटिस' असं छापलंय!

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. ८०च्या खाली म्हणजे पेशी लहान. आरडीडब्ल्यू जास्त म्हणजे त्या एकसारख्या नाहीत, लहानमोठ्या आहेत. फेरिटिन ही लोहाची शिल्लक, माझी संपल्यातच जमा. इथवर समजलं. पण प्लेटलेट का वाढल्या? आणि साखर ८८ असताना तीन महिन्यांची सरासरी चढी कशी? घरात लोहाच्या गोळ्या पडून आहेत, सुरू करू का?

प्रतिसाद १
बहुधा एकच. लोह कमी पडलं की प्लेटलेट थोड्या वाढलेल्या दिसतात, लोह भरून आलं की उतरतात. एचबीए१सीचं म्हणाल तर ती तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. लोहाअभावी नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्याच जास्त फिरतात, आणि जितकी पेशी जुनी तितकी साखर जास्त चिकटलेली. त्यामुळे आकडा उगाच फुगू शकतो. लोह भरल्यावर तीनेक महिन्यांनी पुन्हा करायची का, ते डॉक्टरांना विचारा. (मशीन ठळक करतं ते फक्त आकडा चौकटीबाहेर गेला म्हणून. निदान नव्हे ते.)

प्रतिसाद २
पेशी लहान दिसल्या की थॅलेसेमिया मायनरचीही (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) शंका येते. एमसीव्हीला आरबीसीने भागा: ७१ भागिले ४.६, म्हणजे १५.४. हे १३च्या वर असलं तर कल लोहाच्या कमतरतेकडे. नुसता ठोकताळा आहे, पण तुमचं फेरिटिन ६ म्हटल्यावर शंकेला फारशी जागा नाही.
गोळ्या मात्र मनाने नको. लोह गेलं कुठे, हे आधी कळायला हवं. पाळीत जास्त जातं का? शौचाचा रंग काळा? लोहाच्या गोळ्यांनीही तो काळा होतो, मग खरं कारण झाकलं जातं.

धागाकर्ती
पाळी वर्षभर आठ-आठ दिवस चालते आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही फक्त धापेचंच बोलले. आता रिपोर्टची प्रिंट काढून तिच्या मागे पहिल्या ओळीत तेच लिहिलंय. शौचाचं ठीक आहे. गोळ्यांचा डबा परत कपाटात.